ताण, लस आणि स्वगत : मनोधैर्याच्या शिक्षणाचा इतिहास भाषेच्या अंगाने

१

संकटास मनुष्याने कसे तोंड द्यावे, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. परंतु संकट येण्यापूर्वीच, ठरावीक बैठकांत आणि ठरावीक क्रमाने मनाची तयारी करून घेता येईल काय, व त्या तयारीचा परिणाम मोजता येईल काय, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकातला आहे. ह्या शतकात अशा शिक्षणाच्या अनेक पद्धती निघाल्या. त्यांपैकी अत्यंत व्यवस्थितपणे मांडली गेलेली एक पद्धती म्हणजे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबॉम ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात घडविलेले 'स्ट्रेस इनॉक्युलेशन ट्रेनिंग' होय. मराठीत त्यास 'ताण-लसीकरण' म्हणावयास हरकत नाही.

ह्या नावातील दोन्ही प्रमुख शब्द उसने आहेत. 'ताण' हा यंत्रविद्येतून आला आहे, 'लसीकरण' वैद्यकातून. परंतु शिक्षणाच्या प्रत्यक्ष बैठकीत पाहू गेल्यास तेथे धातूचे काही नसते, आणि सुईचेही काही नसते. तेथे शिकविली जातात ती मुख्यतः वाक्ये : संकटापूर्वी स्वतःस काय म्हणावे, संकट अंगावर आल्यावर काय म्हणावे, आणि ते सरल्यावर काय म्हणावे. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ह्या पद्धतींचा इतिहास हा पुष्कळ अंशी मनुष्याच्या आत्मसंभाषणाचा इतिहास आहे. तो रूपकांच्या नावांखाली झाकला गेल्यामुळे भाषाभ्यासकांचे तिकडे दुर्लक्ष झाले. आणि त्याच आवरणाखाली ताणाचे उत्तरदायित्व कोणावर, हा प्रश्नही झाकला गेला.

२

प्रथम 'स्ट्रेस' ह्या शब्दाकडे वळू. लॅटिनमधील 'आवळणे' ह्या अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ हालअपेष्टा असा होता. म्हणजे हा शब्द आरंभी माणसाच्याच दुःखाचा होता. रॉबर्ट हुक ह्यांनी १६७८ मध्ये स्थितिस्थापकतेचा नियम प्रसिद्ध केल्यानंतर भार व विकृती ह्यांचे गणित शास्त्राच्या कक्षेत आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रँकिन ह्यांच्यासारख्या अभियंत्यांनी 'स्ट्रेस' व 'स्ट्रेन' ह्या शब्दांची शास्त्रीय वाटणी केली : पहिला पदार्थातील बलासाठी, दुसरा त्या बलाने पदार्थात घडणाऱ्या बदलासाठी. माणसाकडून धातूकडे गेलेला हा शब्द पुढे शरीरशास्त्राच्या वाटेने पुन्हा माणसाकडे परतला.

हार्वर्डचे वॉल्टर कॅनन ह्यांनी भय व क्रोध ह्यांच्या वेळी शरीरात होणारे फेरफार १९१५ च्या ग्रंथात मांडले होते. परंतु शब्द रूढ झाला तो हान्स सेल्ये ह्यांच्यामुळे. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात काम करीत असताना त्यांना असे दिसून आले की, थंडी, शस्त्राघात, अतिश्रम, विषारी द्रव्ये ह्यांपैकी कशानेही उंदीर पीडिले, तरी त्यांच्या शरीरात तीच तीन लक्षणे उमटतात : अधिवृक्क ग्रंथींची वाढ, थायमस ग्रंथीचा संकोच आणि जठरातील व्रण. 'नेचर' ह्या नियतकालिकाच्या ४ जुलै १९३६ च्या अंकात त्यांचे ह्याविषयीचे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात 'स्ट्रेस' हा शब्द नाही. पुढे तो त्यांनी स्वीकारला, पण भारासाठी नव्हे, तर शरीराच्या प्रतिसादासाठी. म्हणजे अभियंता ज्यास 'स्ट्रेन' म्हणेल त्याच्या जवळपासच्या अर्थाने. मग भारासाठी वेगळा शब्द उरला नाही, म्हणून 'स्ट्रेसर' हा नवा शब्द घडविणे प्राप्त झाले. १९५६ च्या त्यांच्या ग्रंथाने ही परिभाषा सामान्य वाचकापर्यंत नेली.

ह्या अर्थांतरास शब्दाच्या इतिहासापलीकडे महत्त्व आहे. शब्द भाराचा असेल, तर प्रश्न 'भार कोणी टाकला' असा होतो; शब्द प्रतिसादाचा असेल, तर प्रश्न 'हा मनुष्य असा का वागतो' असा होतो. मराठीतील 'ताण' हा शब्द येथे उद्बोधक आहे. दोरीस ताण 'देता' येतो आणि दोरीवर ताण 'येतो' : कर्तृत्व आणि अवस्था ही दोन्ही अंगे एकाच नामात नांदतात, व त्यांतला भेद क्रियापदाने दाखवावा लागतो. आज आपण मनाविषयी बोलताना बहुधा 'ताण आला' असेच म्हणतो; ताण देणारा कर्ता वाक्यातून लोप पावलेला असतो.

३

ह्या परिभाषेच्या समांतर, परंतु तिच्याशी संबंध न ठेवता, मनास शांत करण्याच्या काही पद्धती युरोप-अमेरिकेत आकार घेत होत्या. फ्रान्समधील नान्सी येथील औषधविक्रेते एमिल कुए ह्यांनी आपली प्रकृती दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहे, अशा अर्थाचे एकच वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पुटपुटावयास सांगितले. मोजणीसाठी वीस गाठींची दोरी होती. विशीच्या दशकात ह्या उपायाची लाट अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर पसरली. बर्लिनचे योहानेस हाइनरिख शुल्ट्झ ह्यांनी १९३२ मध्ये 'आटोगेनेस ट्रेनिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील सहा मूळ अभ्यास जडपणा, ऊब, हृदय, श्वास, पोटातील ऊब व कपाळाचा थंडावा ह्यांविषयी आहेत. प्रत्येक अभ्यासाचे सूत्र वर्तमानकाळी, निश्चयार्थी वाक्याचे आहे. हात जड 'होवो' असे ते म्हणत नाही; हात जड 'आहे' असे म्हणते. इच्छा आज्ञार्थाने वा विध्यर्थाने व्यक्त न करता वस्तुस्थितीच्या रूपाने उच्चारावयाची, हे कुए आणि शुल्ट्झ ह्यांच्या सूत्रांचे समान व्याकरण होय.

शिकागोचे एडमंड जेकबसन ह्यांनी ह्याच्या उलट बाजू घेतली. १९२९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सूचनेचे शब्द कटाक्षाने टाळले. एकेक स्नायू आवळून त्यातील ताण ओळखावयास शिकावे व मग तो सोडून द्यावा, एवढेच त्यांचे सांगणे. परंतु भाषेस दाराबाहेर ठेवणाऱ्या ह्या संशोधकाच्याच प्रयोगशाळेत ती वेगळ्या वाटेने आत आली. स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजताना त्यांना असे आढळले की, मनुष्य केवळ मनात काही म्हणू लागला, तरी जीभ व ओठ ह्यांच्या स्नायूंत क्षीण हालचाल उमटते. मौनातल्या बोलण्यासही शरीर असते, ह्याचा हा एक आरंभीचा पुरावा होता.

४

दुसऱ्या महायुद्धाने प्रश्नाचे स्वरूप पालटले. रॉय ग्रिंकर व जॉन स्पीगल ह्या सैन्यवैद्यांनी अमेरिकी वैमानिकांच्या मनोव्यथांवर लिहिलेला ग्रंथ १९४५ मध्ये निघाला, आणि धडधाकट, निवडून घेतलेली माणसेही पुरेशा भाराखाली मोडतात हे त्यातून ठळक झाले. तेव्हा 'दुबळा कोण' ह्याऐवजी 'तयारी कशी करावी' असा विचार सुरू झाला.

ह्या विचारास येल विद्यापीठातील अर्व्हिंग जॅनिस ह्यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा आधार दिला. १९५८ च्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना मुळीच भीती वाटली नव्हती, असे रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांनी संतापून जात व डॉक्टरांना दोष देत. ज्यांनी आधी मध्यम प्रमाणात चिंता केली होती, ते अधिक सावरलेले असत. चिंता करणे हे एक आवश्यक 'काम' आहे, ही त्यांची कल्पना. मध्यम भीतीचा हा नियम पुढील संशोधनात तसाच टिकला नाही. परंतु आगाऊ माहितीचे मोल टिकले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एग्बर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर केलेला प्रयोग १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटास भूलतज्ज्ञाने भेटून वेदना कोठे होईल, किती होईल, किती काळ टिकेल व स्नायू सैल कसे सोडावे हे सांगितले. दुसऱ्या गटास सांगितले नाही. पहिल्या गटास वेदनाशामक गुंगीची औषधे सुमारे निम्मीच लागली, व ते रुग्ण सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. त्यांना घरी सोडणाऱ्या शल्यवैद्यांस कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठातील रिचर्ड लाझारस व त्यांचे सहकारी ह्यांचा चित्रपटप्रयोग प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या एका वेदनादायक संस्कारविधीचा मूकपट त्यांनी निरनिराळ्या निवेदनांसह दाखविला. एक निवेदन क्लेशांवर भर देणारे, दुसरे क्लेश नाकारणारे, तिसरे मानवशास्त्रज्ञाच्या तटस्थ थाटाचे, आणि चौथ्या गटास निवेदनच नाही. चित्रे तीच असता, निवेदनानुसार प्रेक्षकांच्या त्वचेची विद्युत्-प्रतिक्रिया कमीअधिक झाली. प्रसंग व ताण ह्यांच्या मधोमध मनुष्याने केलेले त्या प्रसंगाचे मूल्यमापन उभे असते, हा सिद्धान्त लाझारस ह्यांनी १९६६ च्या ग्रंथात विस्ताराने मांडला. भाषाभ्यासकाने येथे एवढेच नोंदवावे की, प्रयोगात बदललेली गोष्ट 'मूल्यमापन' ह्या नावाने ओळखली गेली असली, तरी प्रत्यक्षात बदलले होते ते निवेदन.

ह्याच सुमारास 'लस' हे रूपकही मानसशास्त्रात शिरले. विल्यम मॅग्वायर ह्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत असे दाखविले की, जेवणानंतर दात घासावे ह्यासारख्या कधीच न तपासलेल्या समजुतींवर कोणी हल्ला चढविला की त्या सहज ढासळतात. परंतु विरोधी युक्तिवादाचा दुबळा नमुना आधी ऐकवून त्याचे खंडन करून घेतले, तर पुढचा प्रबळ हल्ला परतविला जातो. 'इनॉक्युलेशन' ह्या शब्दाच्या पोटी लॅटिन 'ओक्युलुस', म्हणजे डोळा, हा शब्द आहे. एका झाडाचा डोळा दुसऱ्यात बसविणे हा त्याचा मूळ अर्थ. आमचा माळी ह्याच क्रियेस 'डोळा भरणे' म्हणतो, हे साम्य लक्षणीय आहे. वैद्यकीय अर्थाने मात्र मराठीने दुसरी वाट धरली. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील आपल्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्या काळातील वादांनी 'लस' व 'टोचणे' हे शब्द घरोघरी नेले. लस घेणाऱ्यास काही करावे लागत नाही. मॅग्वायर ह्यांच्या प्रयोगातील मनुष्यास मात्र युक्तिवाद करावा लागतो, वा निदान समजून घ्यावा लागतो. रूपकातील हा विसंवाद पुढे महत्त्वाचा ठरतो.

५

आतापावेतोच्या सर्व प्रयोगांत शब्द दुसऱ्याचा होता : औषधविक्रेत्याचा, डॉक्टरचा, निवेदकाचा. तो ऐकणाऱ्याचा स्वतःचा कसा होतो, ह्याचे उत्तर मॉस्कोतून आले. बालकाची आपल्यापाशीच चाललेली बडबड वयाबरोबर विरून जाते, असे प्याजे ह्यांनी १९२३ मध्ये सुचविले होते. लेव्ह व्हिगोत्स्की ह्यांनी १९३४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी निघालेल्या ग्रंथात, ह्याविरुद्ध असे मांडले की ती बडबड विरत नाही, आत जाते. प्रथम मोठ्यांनी मुलास सांगितलेले, मग मुलाने स्वतःस मोठ्याने सांगितलेले, आणि शेवटी आवाजाविना म्हटलेले, असा भाषेचा प्रवास होतो. आत गेलेल्या भाषेचे व्याकरणही वेगळे : तीत उद्देश्य गळते व विधेय उरते, वाक्य आखडते, आणि एकेका शब्दावर प्रसंगाचा सारा अर्थ लादला जातो.

त्यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया ह्यांनी ह्यास प्रयोगाची जोड दिली. दिवा लागताच रबरी फुगा दाबावयाचा, अशा खेळात तीन-चार वर्षांच्या मुलास 'दाबू नको' असे स्वतःशी म्हणावयास लावले, तर ते म्हणता म्हणता फुगा दाबूनच टाकी. उच्चाराचा धक्का हातास पोहोचत होता, नकाराचा अर्थ पोहोचत नव्हता. पाचव्या वर्षाच्या आसपास अर्थ हा नियामक होऊ लागतो. लुरियांचा ह्या विषयावरील ग्रंथ इंग्रजीत १९६१ मध्ये, व व्हिगोत्स्कींचा ग्रंथ १९६२ मध्ये आला.

६

माइकेनबॉम ह्यांच्या हाती हे दोन्ही प्रवाह आले. १९७१ मध्ये त्यांनी जोसेफ गुडमन ह्यांच्यासह उतावळ्या मुलांस स्वतःशी बोलावयास शिकविण्याच्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच्या पाच पायऱ्या अशा : शिक्षक मोठ्याने बोलत काम करतो, मग शिक्षक बोलतो व मूल करते, मग मूल मोठ्याने बोलत करते, मग कुजबुजत, आणि शेवटी मनात. व्हिगोत्स्कींनी जी वाट बालविकासात पाहिली, ती येथे अभ्यासक्रम म्हणून मुद्दाम आखली गेली.

१९८५ च्या ग्रंथात सुव्यवस्थित झालेल्या ताण-लसीकरणाचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात शिकणारा व शिक्षक मिळून त्या माणसाचा ताण कोठून येतो, त्या वेळी तो स्वतःस काय म्हणतो, ह्याचा उलगडा करतात. दुसऱ्यात कौशल्ये शिकून घोटली जातात; जेकबसन-परंपरेतील शिथिलीकरण त्यांत येते, आणि स्वतःस म्हणावयाची वाक्येही येतात. तिसऱ्यात कल्पनेने, नाट्यरूपाने, मग प्रत्यक्षात, ताणाच्या चढत्या मात्रा देऊन त्यांचा उपयोग करविला जातो. वाक्यांची वाटणी प्रसंगाच्या चार अवस्थांनुसार होते : तयारी, सामना, भावना अनावर होऊ लागण्याचा क्षण, आणि प्रसंग सरल्यावरची स्वतःस दिलेली दाद.

कुएंच्या वाक्याशी ह्याची तुलना केली म्हणजे पन्नास वर्षांतले अंतर कळते. ते वाक्य एक, सर्वांसाठी तेच, आणि सर्व ठीक आहे असे सांगणारे; ही वाक्ये अनेक, ज्याची त्याने घडविलेली, आणि काही तरी बिघडणार आहे हे गृहीत धरून पुढची पायरी सांगणारी. कुएंचे वाक्य विधान करते. माइकेनबॉमप्रणीत वाक्ये प्रश्न विचारतात, सूचना देतात, क्रम लावतात. भीती वाटणारच, ती आली की हा अमुक उपाय योजावयाचा, असा त्यांचा घाट असतो. लसीचा अंश जर कोठे असेल, तर तो ह्या गृहीतात आहे.

७

ह्या पद्धतीचे फळ काय? साँडर्स व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९६ मध्ये ३७ अभ्यास व १,८३७ व्यक्ती ह्यांची एकत्र छाननी केली, आणि चिंता घटणे व ताणाखाली काम सुधारणे ह्या दोन्ही बाबतींत हे शिक्षण परिणामकारक ठरल्याचे दाखविले. परंतु एडना फोआ व त्यांचे सहकारी ह्यांचा १९९१ चा अभ्यास अधिक विचारास लावणारा आहे. बलात्काराच्या आघाताने ग्रासलेल्या ४५ स्त्रियांच्या ह्या अभ्यासात उपचार संपताच ताण-लसीकरणाचा गट सरस ठरला. काही महिन्यांनी मात्र आघाताची आठवण पुनःपुन्हा सविस्तर सांगविणाऱ्या पद्धतीचा गट पुढे जाताना दिसला. म्हणजे क्षणास तोंड देण्याची वाक्ये एक काम करतात, घडलेल्याचे कथन दुसरे. पहिले दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. रॉबर्ट कॅरासेक ह्यांनी १९७९ मध्ये नोकरीतील ताणाचे जे प्रतिमान मांडले, त्यात निर्णायक जोडी आहे ती कामाचा बोजा आणि निर्णयाचे स्वातंत्र्य ह्यांची. बोजा मोठा आणि स्वातंत्र्य अल्प, तेथे ताण अधिक. कामगारास स्वतःशी शहाणपणाने बोलावयास शिकविले, म्हणून ह्या दोहोंपैकी काहीही बदलत नाही. लसीचे रूपक येथे फसवे ठरते. रोगजंतू निसर्गाने निर्माण केलेला असतो, म्हणून लस हा न्याय्य उपाय. परंतु कार्यालयातील वा कारखान्यातील बोजा कोणीतरी ठरविलेला असतो. तो ठरविणारी संस्थाच जेव्हा मनोधैर्याचे वर्ग भरविते, तेव्हा अभियंत्याचा प्रथम प्रश्न, म्हणजे हा भार ह्या तुळईवर टाकावा काय, विचारला गेला पाहिजे. शुल्ट्झ ह्यांनी नाझी राजवटीत बर्लिनच्या राजमान्य मनोपचारसंस्थेत उपसंचालकपद सांभाळले, हे येथे विसरता येत नाही. पद्धत कितीही निरुपद्रवी असो, ती कोणत्या संस्थेच्या हाती आहे हे इतिहासकाराने पाहिलेच पाहिजे. माइकेनबॉम ह्यांच्या मांडणीत पहिला टप्पा उलगड्याचा आहे, आणि जे बदलता येते व जे येत नाही त्यांची निवड त्यात अभिप्रेत आहे. व्यवहारात हाच टप्पा वगळून नुसती वाक्ये वाटली गेली, तर आपण कुएंच्या गाठींच्या दोरीपाशी परत येतो.

८

मराठीच्या अभ्यासकास ह्या इतिहासात स्वतःचे काम दिसावयास हवे. २०१४ मध्ये ईथन क्रॉस व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, तणावाच्या प्रसंगी स्वतःशी 'मी' म्हणून बोलण्यापेक्षा स्वतःचे नाव घेऊन वा 'तू' म्हणून बोलणाऱ्यांस अंतर राखता येते व क्षोभ कमी होतो. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस ह्याच्या चिंतनिका स्वतःस उद्देशूनच लिहिलेल्या आहेत. रामदासांच्या २०५ मनाच्या श्लोकांत मनास संबोधून उपदेश आहे. आमच्या अभंगांतील नाममुद्रेत कवी स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करतो. एवढ्यावरून आधुनिक शास्त्र आमच्याकडे पूर्वीच होते, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. त्या रचनांचे प्रयोजन निराळे, आणि मोजमापाची कल्पनाही तेथे नाही. परंतु स्वतःस कोणत्या पुरुषात, कोणत्या अर्थात, कोणत्या संबोधनाने हाक मारावी, ह्याचे जे पर्याय भाषेत साठलेले असतात, त्यांची नोंद कोणीतरी केली पाहिजे. इंग्रजीत घडविलेली वाक्ये शब्दशः उतरवून मराठी रुग्णाच्या, परीक्षार्थ्याच्या वा पोलिसाच्या तोंडी घातली, तर ती आत जातील काय, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

ह्या बाबतीत आमचा नित्याचा शब्दप्रयोगच एक दिशा दाखवितो. मराठीत धीर 'येतो', 'खचतो', 'सुटतो'. पण त्याआधी तो दुसऱ्याने 'दिलेला' असतो आणि मग आपण तो 'धरतो'. धीर देणे हे बहुधा बोलूनच होते. बाहेरून आत जाणाऱ्या भाषेचा जो क्रम व्हिगोत्स्कींनी वर्णिला, त्याचे हे बोलीतले रूप मानता येईल. त्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एकट्याने स्वतःशी बोलण्याचे कौशल्य आधी कोणीतरी आपल्याशी बोलल्याने येते. एग्बर्ट ह्यांच्या रुग्णांस औषध निम्मे पुरले ते कोणीतरी आदल्या दिवशी खाटेजवळ येऊन खरे ते सांगितले म्हणून. मनोधैर्याचे शिक्षण ज्यांस उभारावयाचे आहे, त्यांनी प्रथम असे सांगणारी माणसे नेमावी, भार कमी करता येत असेल तर तो करावा, आणि उरलेल्या भारासाठी त्या त्या माणसाच्या भाषेतील वाक्ये त्याच्याबरोबर बसून घडवावी.